सातवं गाणं, मूळ पट्टीत

गाणाऱ्यांचा आणि माझा पहिल्यापासून छत्तीसचा आकडा. तुम्ही म्हणाल, एक्हार्ट, तू पियानो सुरात लावणारा माणूस, तुझं पोट त्यांच्यावर चालतं, आणि त्यांनाच नावं ठेवतोस? ठेवतो. एकेचाळीस वर्षं पियानोच्या पोटात डोकं घालून काढली की माणसाला तेवढा हक्क मिळतो. गाणं रंगलं की गाणारा थोर, आणि गाणं फसलं की पियानो बेसूर. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! आणि ते अंगण सारवणारा मी, म्हणून मला झोंबतं.

पण सांगायचंय ते गेर्लिंड होयरबद्दल. ती गाणारी नव्हे. ती पियानोवर साथ करायची.

आमच्याकडच्या या गाण्यांना माणसं दोनच लागतात. एक उभा राहून गातो, एक बसून वाजवतो. वाजवणाऱ्याला सूर गाणाऱ्याच्या चौपट असतात, पण पत्रकावर गाणाऱ्याचं नाव दारावरच्या पाटीएवढं आणि खाली बारीक अक्षरात ‘पियानोवर : गे. होयर’. पूर्ण नाव छापायलासुद्धा कुणाला सवड नाही. मी एकदा गावच्या संगीत मंडळाच्या सेक्रेटरीला तोंडावर विचारलं, “का हो, शाई संपली का?” गेर्लिंडच मला म्हणाली, “राहू दे रे. मला शोधायला कोण येणार आहे?”

ती एकेचाळीस साली जन्मली. बाप लढाईवरून परत आला नाही. आई गिरणीत कामाला जायची आणि पोरीला पाद्र्याच्या बायकोकडे सोडायची, तिथल्या पियानोवर ही शिकली. पुढे ड्रेस्डेनला रीतसर शिक्षण झालं. एकटीने मंचावर बसून वाजवायचं स्वप्न होतं म्हणे. पण परीक्षेला परीक्षक म्हणाले, बोटं चांगली आहेत, पण तुम्ही फार ऐकता. आता ही शिवी की कौतुक, देव जाणे. ती गावी आली आणि संगीतशाळेत साथीदार म्हणून लागली, ती शेवटपर्यंत तिथेच. व्हायोलिनवाली पोरं, बॅलेचा वर्ग, चर्चमधली लग्नं, स्मशानातले कार्यक्रम. नवरा रेल्वेत होता, तो लवकर गेला. मूलबाळ नाही.

तिचं काम कसं होतं ते सांगतो. परीक्षेत एखादं पोरगं घाबरून अख्खी ओळ गाळून पुढे पळायचं. गेर्लिंडही त्याच क्षणाला ती ओळ गाळून त्याच्यासोबत पुढे. परीक्षकाला पत्ता लागायचा नाही. एका लग्नात गाणारी बाई शब्दच विसरली. गेर्लिंडने आधीचे चार सूर असे काही पुन्हा वाजवले, की ते मुळातच तसे लिहिलेले असावेत. बाईला शब्द आठवले, नवरीच्या आईने डोळे पुसले. बाहेर आल्यावर ती गाणारी काय म्हणाली असेल? “आज पियानो जरा रेंगाळत होता, नाही का?” मी तिथे होतो. माझ्या हातात पाना नव्हता, हे त्या बाईचं नशीब.

“माझ्या साथीला कुणी पडलेलं नाही, एक्हार्ट,” गेर्लिंड एवढंच म्हणायची. तेवढी एकच फुशारकी मी तिच्या तोंडून ऐकली.

आता विनफ्रीड पेच्के. शाळेत भूगोल शिकवायचा, आणि आवाज खरोखर चांगला होता, ते मी नाकारत नाही. आमच्या गावच्या चर्चमध्ये दीडशे वर्षांपूर्वी एक ऑर्गन वाजवणारा होता. त्याने बारा गाणी लिहून ठेवली आहेत. गावाला त्यांचा भलता अभिमान. दर फेब्रुवारीत एका रविवारी, सकाळी अकरा वाजता, विणकरांच्या जुन्या सभागृहात ती बाराच्या बारा गाणी होतात. एकोणतीस वर्षं ती विनफ्रीडने गायली आणि एकोणतीस वर्षं गेर्लिंडने वाजवली.

सगळं गाव येतं ते सातव्या गाण्यासाठी. एक माणूस थंडीत नदीच्या काठावर उभा आहे आणि पलीकडच्या नावाड्याला हाका मारतोय. तीन हाका. नावाडी काही येत नाही. तिसऱ्या हाकेला आवाज पार वर जातो आणि तिथेच थांबून राहतो, खाली पियानोतलं पाणी आपलं वाहतंच आहे. तो वरचा सूर फाटला की गाणं मेलं. लोक श्वास धरून बसतात. कुणाला गाण्याचं कौतुक असतं, कुणाला फाटतो का त्याची उत्सुकता. गाव म्हटलं की दोन्ही आलंच.

आणि हे सगळं मूळ पट्टीत, म्हणजे त्या ऑर्गनवाल्याने लिहिलं त्याच पट्टीत गायचं, हा विनफ्रीडचा हेका. आपल्या गावची गाणी उतरवून गायची नाहीत, म्हणायचा. अडुसष्टाव्या वर्षीसुद्धा टाळ्या थांबल्या की छातीवर हात ठेवून सांगायचा, “मूळ पट्टीत, मंडळी! बाकीचे उतरले, मी नाही उतरलो.” आणि लोक पुन्हा टाळ्या वाजवायचे.

गेल्या हिवाळ्यात, जानेवारीच्या शेवटी, गेर्लिंड माझ्या कामाच्या खोलीवर आली. कोट काढला नाही, टोपी काढली नाही, तशीच लाकडी पेटीवर बसली. वय एकाहत्तर. बोटांची पेरं सुजून अक्रोडाएवढी झालेली.

“विनफ्रीडचा फोन आला होता,” ती म्हणाली. “यंदा तिसावं वर्ष. म्हणतो, गेर्लिंड, तूही आता विश्रांती घे. लाइपझिगची एक मुलगी येणार आहे वाजवायला.”

“काय?” मी ओरडलो. “एकोणतीस वर्षांनी? फोनवर?”

“पेपरात आलं होतं ना मागच्या वर्षी, की पियानोवर बोटं अडखळतात म्हणून. अडखळतात, ते खोटं नाही. वाईट बोलला नाही तो. फुलं पाठवतो म्हणाला.”

“फुलं! डोंबलाची फुलं! त्याच्या नरड्यात...”

“ओरडू नकोस. माझं डोकं दुखतंय. मी दुसऱ्याच कामाला आलेय.” ती थोडा वेळ आपल्या हातांकडे बघत बसली. मग म्हणाली, “सभागृहातला पियानो अर्धा सूर खाली लावून देशील का? सबंध पियानो. त्या रविवारपुरता.”

मला वाटलं, म्हातारी अपमानाने भ्रमली. मी म्हटलं, “कशाला?”

“कारण विनफ्रीडला तो वरचा सूर लागत नाही. नऊ वर्षं झाली.”

मग तिने सगळं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी त्याची बायको हेल्गा गेली. त्या हिवाळ्यात तो खोकत होता, झोपत नव्हता, तरी म्हणाला मी गाणार. पहिल्या गाण्यातच गेर्लिंडला कळलं, आज हा सातव्यात पडणार. म्हणून सहावं संपल्यावर तिने सातवं अर्धा सूर खाली सुरू केलं. कागदावर पांढरी चार, बोटांखाली पांढरी तीन. डोळे वाचतायत एक आणि हात वाजवतायत दुसरं. विनफ्रीडच्या ध्यानातच आलं नाही. तिने ज्या सुरावर उभं केलं तिथून तो गात गेला. सूर लागला. कार्यक्रम संपल्यावर त्याने तिला मिठी मारली आणि म्हणाला, “गेर्लिंड, आवाज परत आला! मला वाटलं होतं हेल्गाबरोबर तोही गेला.”

“त्या वेळी मी काय सांगायला हवं होतं?” तिने मला विचारलं.

मी शेगडीत एक लाकूड सारलं.

“म्हटलं, एवढ्या वेळेपुरतं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग बाराही गाणी खाली घ्यावी लागली, नाहीतर फरक कळला असता. पांढरी चारमधलं गाणं पांढरी तीनमध्ये आणलं की जागोजाग काळ्या पट्ट्या आडव्या येतात, तुला माहीत आहे. लिहून काढलं असतं, पण समोर हाताने लिहिलेला कागद दिसला की तो विचारणार, हे काय? म्हणून डोक्यातच. आणि आता हाताला काळ्या लांब पडतात. म्हणून अडखळते मी.”

एवढी वर्षं तो पियानो मी लावायचो, आणि मागे बसून ऐकायचोसुद्धा. पण मला उगाच बढाई मारायची नाही, वर्षातून एकदा ऐकलेली पट्टी अर्धा सूर खाली आहे हे माझ्याही कानाला कळलं नव्हतं. एकच नेमका सूर देणारा तो पोलादी काटा हातात असल्याशिवाय माझा कानही इतरांसारखाच.

“त्याला सांगून टाक,” मी म्हटलं.

“नऊ वर्षं टाळ्या घेतल्यात त्याने. मूळ पट्टी, मूळ पट्टी म्हणून मिरवला. त्या मिरवण्यात मीही आहे ना? आता कोणत्या तोंडाने सांगू?”

“मग पडू दे! पडू दे तोंडावर! तुला काढून टाकलं ना त्याने? ती नवी येईल, छापलंय ते वाजवेल, आणि तिसऱ्या हाकेला याचा आवाज कोंबड्यासारखा फाटेल. कळू दे गावाला कोण कुणाच्या जिवावर गात होतं!”

“तीनशे लोकांसमोर?” ती म्हणाली. “आणि मी पहिल्या रांगेत बसून बघू? मला नाही जमणार, एक्हार्ट. मला त्याचा राग येतोय, खूप येतोय. पण हे नाही जमणार.”

तालमीत कसं कळलं नाही त्याला, असं तुम्ही विचाराल. अहो, हे लोक तालमीत गातात कुठे? आवाज राखून ठेवतात. वरचे सूर नुसते खाली पुटपुटायचे आणि हाताने दाखवायचं, इथे वर जाणार म्हणून. सगळेच करतात. त्यामुळे नव्या मुलीबरोबर लाइपझिगला त्याच्या दोन तालमी झाल्या होत्या आणि तो स्वतःवर खूश होता.

मी नाही म्हणालो. सबंध पियानो उतरवायचा म्हणजे चेष्टा नाही. सव्वादोनशे तारा. एकेक खुंटी सैल करायची. सगळं संपेपर्यंत पहिल्या तारा पुन्हा हललेल्या असतात, म्हणून दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. आणि नंतर वर चढवताना तारा तुटतात. म्हातारा पियानो आहे तो. मी तिला हे सगळं सुनावलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, “बरं,” आणि उठायला गेली तर उठवेना. पेटीला धरून दोनदा प्रयत्न केला. मी म्हटलं, “बस, बस. करतो. मर तू आणि मरो तो विनफ्रीड. करतो.”

गुरुवारी सकाळी आम्ही सभागृहात गेलो. कार्यक्रमाचा दिवस सोडून तिथे शेगडी पेटवत नाहीत, त्यामुळे तोंडातून वाफा निघत होत्या. तिला मी येऊ नको म्हटलं होतं, तरी आली, थर्मासमध्ये कॉफी घेऊन. मी एकेक खुंटी उतरवत होतो, तोच सूर पन्नासदा ठोकत होतो. त्या आवाजाने माझ्या बायकोचं डोकं उठतं, आणि ही बाई खुर्चीत बसल्या बसल्या गाढ झोपली. दुपारी एकला उठवलं तर म्हणाली, “किती छान, कुणाबरोबर धावायचं नव्हतं.”

शुक्रवारी पुन्हा सगळं. शनिवारी ती लाइपझिगची मुलगी जागा बघायला आली, टाबेया नावाची, सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. तिने पियानोवर एकच सूर वाजवला आणि मान वर केली.

“हा अर्धा सूर खाली आहे,” ती म्हणाली.

माझी थाप तयार होती. “तारा जुन्या आहेत, बाई. पूर्ण ताण सोसत नाहीत. अशा पियानोंना करावं लागतं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मागे खुर्चीत बसलेल्या गेर्लिंडकडे बघितलं. तिचे ते हात बघितले. मुलगी हुशार होती.

“माझा कान पक्का आहे हो,” ती म्हणाली. “बोटं एक वाजवणार आणि ऐकू दुसरंच येणार. उद्या माझं डोकं फुटेल.”

“फुटेल खरं,” गेर्लिंड म्हणाली. “पेच्केंना मात्र कृपा करून सांगू नका. घाबरतील.”

“गाणाऱ्यांना आपण कधी काही सांगतो का?” टाबेया म्हणाली, आणि दोघी हसल्या. मला त्यांच्यात घेतलं नाही. आयत्या बिळावर आलेला नागोबा म्हणून मी त्या पोरीला मनातल्या मनात शिव्या देत होतो, त्या परत घेतल्या.

रविवारी सभागृह गच्च. रेडिओचा एक माणूसही येऊन बसलेला. गेर्लिंड पहिल्या रांगेत, चांगला निळा पोशाख, मांडीवर कोट. मी तिच्या शेजारी. पहिली सहा गाणी नीट गेली. सातवं सुरू झालं तसे तिचे हात कोटाखाली हलायला लागले. मला दिसत होतं. ती अख्खं गाणं कोटाखाली वाजवत होती.

पहिली हाक. दुसरी हाक. तिसरीला विनफ्रीडने मान वर केली, आणि तो सूर असा लागला की काय सांगू! स्वच्छ, भरलेला, हवा तेवढा लांब. नालायक माणूस, पण गायला. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो आला याचाच मला संताप आला. गेर्लिंडने हात थांबवले आणि डोळे मिटले.

टाळ्या किती वेळ चालल्या मी सांगत नाही. छातीवर हात ठेवून “मूळ पट्टीत, मंडळी!” तेही झालं.

नंतर बाजूच्या दालनात वाइन, केक, कॉफी. विनफ्रीडभोवती गर्दी. ड्रेस्डेनच्या एका मोठ्या सभागृहाच्या बाई आलेल्या होत्या. त्यांनी तिथल्या तिथे विचारलं, मार्चमध्ये आमच्याकडे याल का, रेडिओवर थेट जाईल. विनफ्रीड “विचार करतो” म्हणालासुद्धा नाही. “येणार!” म्हणाला. “आणि मूळ पट्टीत!”

गेर्लिंडच्या हातातली बशी मी धरली, नाहीतर पडली असती. ड्रेस्डेनचा पियानो काही मी लावत नाही. आणि नऊ वर्षं उतरलेला आवाज तिथे सांभाळून घ्यायला कुणी बसलेलं नाही. विनफ्रीडला वाचवायला म्हणून आम्ही दोन दिवस थंडीत खुंट्या पिळल्या, आणि त्याला गावातल्या तीनशे लोकांऐवजी सगळ्या सॅक्सनी प्रांतासमोर नेऊन उभं केलं.

दीड वाजेस्तोवर मंडळी पांगली. टाबेयाची गाडी होती. जाताना तिने गेर्लिंडचा हात दोन्ही हातांत धरला आणि गेली. सभागृहाचा रखवालदार खुर्च्या एकावर एक रचत होता. आम्ही कोट घालत होतो, तेवढ्यात विनफ्रीड आला. चेहरा लालभडक, डोळ्यांत पाणी. तो दुष्ट नव्हता हो, तेच तर वाईट. मनापासून आनंदात होता.

“गेर्लिंड!” तो म्हणाला. “ऐकलंस ना? राग मानू नकोस, पण तुला सांगायलाच हवं, तूच समजशील. इतकी वर्षं मला वाटायचं, कुणीतरी मला मागे ओढतंय. आज कळलं. ही मुलगी काय वाजवते! आज मी मोकळा गायलो.”

गेर्लिंड म्हणाली, “हो. आज छान लागला.”

माझं डोकं सटकलं. “अरे गाढवा,” मी म्हणालो, “भूगोलाच्या मास्तरा, तुला स्वतःचं गाव तरी नकाशावर सापडतं का? तुला माहीत आहे का...”

“एक्हार्ट,” गेर्लिंड म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. “काटा आहे ना तुझ्याकडे? दे.”

मी खिशातून सुराचा काटा काढून दिला. ती मंचाची तीन पावठणं चढली, एकेका पावठणावर थांबत. विनफ्रीड हसत मागे गेला. त्याला वाटलं असेल काही गंमत आहे. तिने काटा गुडघ्यावर आपटला, पियानोच्या लाकडावर टेकवला आणि दुसऱ्या हाताने तोच सूर वाजवला. काट्याचा सूर आणि पियानोचा सूर एकमेकांना चावत होते. रखवालदारसुद्धा खुर्ची हातात धरून थांबला.

विनफ्रीडचा कान चांगला आहे. त्याला दुसऱ्यांदा ऐकवावं लागलं नाही. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण रंग उतरत गेला.

“हे कधीपासून?” त्याने विचारलं.

“पियानो गुरुवारपासून,” गेर्लिंड म्हणाली. “तू नऊ वर्षांपासून.”

तो पियानोच्या कडेला धरून उभा राहिला. मग तो म्हणाला, “हेल्गा गेली तो हिवाळा?”

“हो.”

“आणि... तू अडखळायचीस ते?”

“दुसऱ्या पट्टीत वाजवत होते. हात दुखतात, विनफ्रीड.”

तो खाली बसला, तिच्याच बाकावर. अडुसष्ट वर्षांचा माणूस, गळ्यात रेशमी रुमाल. मला वाटलं आता तो माफी मागेल, किंवा तिच्यावर ओरडेल, की तू मला माकड बनवलंस म्हणून. त्यालाही तेवढा हक्क होता, हे मी आज कबूल करतो. पण तो लहान आवाजात एवढंच म्हणाला, “मग ड्रेस्डेनचं काय करू?”

आणि तिच्याकडे बघत राहिला. एकोणतीस वर्षं बघायचा तसाच, की आता ही काहीतरी करेल.

गेर्लिंडने काटा माझ्या हातात दिला. कोटाची वरची दोन बटणं लावली. तिसरं लागेना, तसंच सोडून दिलं.

“ते तू बघ,” ती म्हणाली. “मी दमले.”

आम्ही बाहेर आलो. बर्फ नव्हतं, नुसता चिकचिकाट. नदीवरून वारा येत होता. तिच्या घरापर्यंत दहा मिनिटांचा रस्ता, आम्हाला अर्धा तास लागला. ती म्हणाली, सकाळपासून काही खाल्लेलं नाही, केकही तसाच राहिला, घरी बटाट्याचं सूप आहे, येतोस का? मी गेलो. तिने सूप गरम केलं, पाव कापायला घेतला तर सुरी धरवेना, मग मी कापला.

पहिला चमचा तोंडात गेला आणि ती रडायला लागली. आवाज न करता, नुसतं पाणी वाहत होतं.

“मी त्याला पडू दिलं, एक्हार्ट,” ती म्हणाली. “तो माझ्याकडे बघत होता आणि मी निघून आले. मला वाईट वाटायला हवं ना?”

“वाटतंय का?”

तिने चमचा सुपात फिरवला.

“नाही,” ती म्हणाली. “म्हणूनच रडू येतंय.”

मी तिच्यापुढे पाव सरकवला. तिने नाक पुसलं, आणि आम्ही दोघांनी सूप संपवलं.